एक म्हणजे थांब

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली.

रात्रीची नाही. अमावस्येची तर नाहीच. मंगळवार होता, दुपारचे सव्वातीन वाजले होते, आणि ऊन असं की लोखंडाला हात लावला तर चटका बसावा. भुतंखेतं फक्त अंधारातच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबलं तरी माझी काही हरकत नाही.

मी हे एकदा मामाकडून ऐकलं आणि एकदा माझ्या मामेबहिणीकडून, म्हणजे ताईकडून. दोघांनी मिळून काही रचलं असेल असं म्हणायला जागा नाही. तोपर्यंत त्यांचं एकमेकांशी बोलणंच बंद झालं होतं.

मामा शिडाच्या होड्यांच्या डोलकाठ्या बसवायचा. होड्या दुरुस्त करायच्या यार्डात सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

डोलकाठी डेकवर उभी आहे असं आपल्याला लांबून वाटतं. मोठ्या होडीत तसं नसतं. ती डेकमधल्या भोकातून खाली केबिनमध्ये उतरते आणि थेट तळाशी टेकते. भोक काठीपेक्षा थोडं मोठंच ठेवावं लागतं, कारण वाऱ्यात काठी हलते. म्हणजे होडीच्या डोक्यावर कायमचं एक भोक, आणि वरून लाटा. ते भोक बुजवणं हे मामाचं काम. आधी काठीभोवती लाकडी पाचरी ठोकायच्या. मग पाचरी आणि भोकाभोवतीची लोखंडी कॉलर यांच्यामधली फट सीलंटने, म्हणजे गनमधून पिळायच्या चिकट लुकणाने, गोल भरायची. त्यावर ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळायचं, पट्टीने आवळायचं आणि मोज्याची कड दुमडावी तसं खाली दुमडायचं.

यातलं सीलंट फार नाठाळ. दहा-बारा मिनिटांत त्यावर साय धरते. अर्ध्यात उठलात, तर जुनं आणि नवं जिथे मिळतं तिथे सांधा राहतो, आणि पाण्याला तो सांधा बरोबर सापडतो. म्हणून मामाचा एक नियम होता. गन हातात घेतली की गोल पूर्ण करूनच उठायचं, मग आभाळ कोसळो.

या कामाला माणसं दोन लागतात. वर मामा आणि खाली केबिनमध्ये मामी. पंचवीस वर्षं हीच जोडी.

मामी खाली टॉर्च घेऊन बसायची. एक तळवा डोलकाठीला लावलेला. सीलंट कुठून खाली ओघळतंय का ते बघायची. नंतर मामा वरून पाइपने पाणी सोडायचा तेव्हा थेंब येतोय का ते बघायची. पाण्याच्या वेळी केबिनचं झाकण बंद ठेवावं लागे, नाहीतर पाणी तिथूनच आत यायचं आणि गळती कुठली ते कळायचं नाही. सीलंट भरतानाही ते बंदच राही, कारण यार्डातली घासायच्या मशीनची धूळ मामीच्या नाकातोंडात जायची. आणि त्या मशीनच्या आवाजात घसा फोडून ओरडलं तरी डेकवर काही ऐकू जात नसे.

म्हणून ते दोघं डोलकाठीवर ठोकायचे. काठी पोकळ धातूची. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला लख्ख ऐकू येतो.

खालून एक ठोका म्हणजे कोरडं आहे. दोन म्हणजे पाणी आलं. तीन म्हणजे खाली या.

वरून एकच खूण होती. एक म्हणजे थांब.

मामीने तीन ठोक्यांचा पार विचका करून ठेवला होता. थर्मासमधला चहा ओतून झाला की ती तीन ठोके द्यायची. मामा घाईघाईने खाली उतरला की निवांत कप पुढे करून म्हणायची, "अहो, गार होतोय." मामा चिडायचा, आणि उभ्याउभ्या चहा पिऊन वर जायचा. यार्डात याची फार थट्टा चालायची. मिस्त्रींना दोनच आवाज कळतात, एक हातोडीचा आणि एक बायकोचा, असं रंगारी म्हणायचा.

गेल्या वर्षी मामी गेली. कामावरच.

दातांच्या एका डॉक्टरची होडी होती. हौशी माणूस. तुमचा आणि माझा धंदा एकच, भोकं बुजवायचा, असं तो मामाला नेहमी म्हणायचा. त्याच्या होडीचा गोल भरून झाला, मामा झाकण सरकवून खाली उतरला, तर मामी डोलकाठीला टेकून बसलेली. टॉर्च चालूच होता. तिचं अंग अजून कोमट होतं. हॉस्पिटलमध्ये हृदय बंद पडलं म्हणाले.

ताई दूरच्या शहरात नोकरीला. ती धावत आली आणि तिने एकच गोष्ट विचारली. आईने हाक मारली होती का?

मामा म्हणाला, नाही. झोप लागावी तशी गेली. तिला काही कळलंसुद्धा नसेल.

त्या वाक्याच्या आधारावर ताई उभी राहिली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची, आणि सांगताना तिचा स्वतःचाच चेहरा थोडा सैल व्हायचा. मी स्वतः पाहिलंय.

ते वाक्य खोटं होतं.

मामीने खालून तीन ठोके दिले होते. मामाने वरून एक दिला होता. गोल निम्मा झाला होता, आणि चहा ओतला असेल असं त्याला वाटलं होतं. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही.

वर्ष गेलं. मामा पार खचला. शेवटी ताईने ठरवलं की बाबांना आपल्याकडेच न्यायचं. ती पंधरा दिवसांची रजा काढून आली, घर आवरायला घेतलं, दोघांची बुधवारची तिकिटं काढली. मामाही तयार झाला. मला म्हणाला होता, आता लेक आहे म्हणून मी आहे.

आणि तेव्हाच दातांचा डॉक्टर यार्डात आला.

होडी गळत होती. डोलकाठीपाशीच. रोज दुपारी केबिनच्या तळाला कपभर पाणी साचायचं.

मामाने विचारलं, पावसात ना?

डॉक्टर म्हणाला, मिस्त्री, पाऊस पडून तीन महिने झाले.

होडी पाण्यातून काढून यार्डात टेकूंवर उभी केली. मामा एकटाच गेला. वर्षभरात तो त्या होडीच्या आसपासही फिरकला नव्हता. आधी रबर पाहिलं. शाबूत. पट्टी पाहिली. घट्ट. त्याने अर्धा तास पाइपने पाणी सोडलं आणि खाली जाऊन बघितलं. सगळं ठणठणीत कोरडं. पाणी काठीच्या पोकळीतूनही उतरतं कधीकधी, म्हणून तेही तपासलं. तिथेही काही नाही.

त्याने वर येऊन नळ बंद केला. परत खाली जाऊन बसला.

पाच मिनिटं गेली...

टप.

त्याने वर पाहिलं. पाचरी कोरड्या होत्या. काठीवरून हात फिरवला. कोरडी.

टप.

काठीच्या पायाशी, मामी बसायची तिथे, फळीवर पाणी होतं. त्याने बोट लावलं. पाणी कोमट होतं.

उन्हाने तापलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि जुनं सीलंट कापून काढलं. आयुष्यात त्याच्या हातून इतका अखंड गोल दुसरा झाला नव्हता. 

दुसऱ्या दिवशी तो नवा गोल भरायला बसला. पाव गोल झाला असेल...

खालून तीन ठोके आले.

त्याने गन टाकली. धडपडत झाकण सरकवलं. केबिन रिकामी होती. उन्हाचा चौकोनी तुकडा तेवढा फळीवर पडला होता.

वर येईस्तोवर सीलंटवर साय धरलेली. सगळं खरवडून काढलं. परत बसला. परत पाव गोल, आणि परत तीन ठोके. परत खाली. कुणी नाही.

तीन दिवस हेच चाललं. तो एकदाही थांबला नाही. ठोके आले की हातातलं टाकून खाली धावायचा. रंगाऱ्याला वाटलं, मिस्त्रींचं डोकं फिरलं. मामाने त्यालाच दोष दिला, तू कुठेतरी ठोकतोयस म्हणून भांडला. रंगाऱ्याने बिचाऱ्याने नुसता हातातला ब्रश दाखवला.

संध्याकाळी ताईने त्याचे हात पाहिले. खरवडून खरवडून बोटं सोलवटली होती. एवढं एक काम का संपत नाही, असं तिने विचारलं. खाली बसायला माणूस लागतो, असं तो बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर त्याला पस्तावा झाला.

ताई म्हणाली, "मग मी बसते आईच्या जागी."

त्याने नाना कारणं सांगितली. धूळ आहे, उकाडा आहे, तुला जमायचं नाही. ती त्याचीच लेक. तिने ऐकलं नाही.

तो मंगळवार.

मामाने तिला खाली बसवलं. टॉर्च दिला. खुणा सांगितल्या. एक म्हणजे कोरडं, दोन म्हणजे पाणी. तीनचं त्याने सांगितलं नाही. वरून मी काही ठोकणार नाही, एवढं मात्र सांगितलं. मग झाकण बंद केलं.

हातोडी त्याने मुद्दाम खाली जमिनीवरच्या पेटीत टाकली होती. डेकवर फक्त तो, सीलंटची गन आणि एक फडकं.

पाव गोल झाला. काही नाही.

अर्धा झाला. काही नाही. त्याच्या मनात आलं, माणूस खाली बसल्यावर सुटली बहुतेक ही कटकट. खाली ताई आहे या विचारानेच त्याला बरं वाटत होतं.

पाऊण झाला...

तीन ठोके.

त्याने गन भिरकावली आणि झाकण उघडलं. ताई जागेवरच बसली होती. तळवा काठीला. चेहऱ्यावर भीती नव्हती, थोडी गोंधळलेली दिसत होती.

त्याने विचारलं, का बोलावलंस? तिने मान हलवली. तिने ठोकलं नव्हतं. तीन ठोके तिला ऐकूही आले नव्हते.

"तुम्हीच ठोकत होतात की वरून," ती म्हणाली. "मी विचारणारच होते. वरून एक म्हणजे काय? ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

 मामा पायरीवरच बसला.

"एक म्हणजे थांब," तो म्हणाला.

"कुणाला थांब?"

 वर्षभर पोटात ठेवलेलं बाहेर आलं. आईने तुझ्या हाक मारली होती, म्हणाला. इथून, याच काठीवर. तीन ठोके. मला वाटलं चहा. मी एक ठोका दिला, आणि गोल पुरा करत बसलो. तुला खोटं सांगितलं मी, कारण तू मला सोडून जाशील याची भीती वाटली.

ताई खूप रडली. मशीनच्या आवाजात तिचं रडणं बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. मामाला तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

मग तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तुम्हाला काय माहीत, बाबा, असं ती म्हणाली. आई नेहमीच चहासाठी ठोकायची. कुणालाही तेच वाटलं असतं. मामा मला म्हणाला की त्या क्षणी वर्षभरात पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला. तो लहान मुलासारखा रडत होता आणि लेक त्याची पाठ चोळत होती. त्यांच्या घरातलं सगळं वाईट तिथेच संपलं असतं.

पण ताईचा हात हळूहळू थांबला.

"बाबा," ती म्हणाली, "मी दोन वेळा ऐकलं."

मामाने मान वर केली.

"आधी एक ठोका आला. साधाच. मग बराच वेळ काही नाही. मग परत एक. तो जोरात होता... कुणीतरी चिडून मारावा तसा."

मामाने तेव्हा काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. बादली पडली, शिडी आपटली. शब्द अगदी ओठावर आला होता, असं त्याने मला सांगितलं. पण लेकीचा तळवा अजून डोलकाठीवर होता, आणि तो तळवा हुबेहूब मामीसारखा आहे. त्याला ते जमलं नाही.

"तिने परत ठोकलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी सावकाश आले ठोके. एक आला. मग खूप वेळाने दुसरा. तिसरा तर नुसता घासल्यासारखा. चहासाठी असं कुणी ठोकत नाही गं. मला कळलं होतं."

"मग?"

"वीतभर राहिलं होतं."

ताईने विचारलं, वीतभर भरायला किती वेळ लागतो. मामा म्हणाला, दोन मिनिटं. फार तर तीन.

तिने बाहीने तोंड पुसलं. टॉर्च बंद करून फळीवर ठेवला आणि त्याच्या बाजूने वर चढून गेली. बुधवारी ती एकटीच गाडीत बसली. मामाचं तिकीट टेबलावर तसंच होतं.

या गोष्टीला आता सात महिने झाले.

त्या होडीचा गोल पाऊणच राहिला. मामाने परत गनला हात लावला नाही, आणि डॉक्टरला दुसरा मिस्त्री मिळाला नाही. होडी तशीच उघडी उभी राहिली. मधे चार महिने धो धो पाऊस झाला. डॉक्टरने मला फोन करून मुद्दाम सांगितलं की केबिनमध्ये पाण्याचा एक थेंब आलेला नाही. वीतभर फट उघडी आहे आणि आत धूळसुद्धा ओली झाली नाही. हे कसं, ते त्याला कळत नाही आणि मलाही.

मामा घरातच असतो. मी गेले की आधी विचारतो, ताईचा फोन आला होता का, माझ्याबद्दल काही म्हणाली का. मी विषय बदलते.

ताईचा फोन येतो. दर रविवारी, मला. ती भुतांवर विश्वास ठेवणारी नाही, पण त्या दिवशी आई तिथे होती याबद्दल तिला जराही शंका नाही. तिचा प्रश्न वेगळाच आहे, आणि दर वेळी ती तोच विचारते.

"आईच होती ना ती? मग तिने बाबांना स्वतःची हाक ऐकवली. मी तिच्या शेजारी बसले होते, काठीला हात लावून. मला का नाही ऐकवली? मला बाबांचं थांबच का ऐकवलं?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलते. तुला त्रास होऊ नये म्हणून असेल, असं एकदा म्हटलं. तिने फोन ठेवून दिला.

खरं तर मला एक उत्तर सुचलंय. पहिल्याच रविवारी सुचलं होतं, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. ते तिला सांगायची माझी हिंमत होत नाही.

तीन ठोके मामाने ऐकले होते. मामीने ते फक्त दिले होते. खाली एकटी बसून, काठीला हात लावून तिने जे शेवटचं ऐकलं, ते एवढंच होतं. तेच तिने लेकीला ऐकवलं. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.